एडगर वॉलेस आणि उधारीची लेखणी

सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी पाच मिनिटे उभे राहिले, तर आपल्या समाजाच्या वाचनाविषयी जे कळते ते संमेलनांच्या दहा अध्यक्षीय भाषणांतूनही कळत नाही. ज्या ग्रंथांची थोरवी आपण व्यासपीठावरून गातो त्यांची पाने पुष्कळदा कोरी करकरीत असतात. आणि ज्यांचे नाव चारचौघांत घ्यायला आपण संकोचतो त्या पुस्तकांच्या शिवणी उसवलेल्या, कोपरे झिजलेले, आणि शेवटचे पान तर कोणी तरी लांबवलेले! गो. ना. दातारशास्त्र्यांच्या कादंबऱ्यांनी एका पिढीची झोप उडवली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळा पहाड यांना घराघरांत नेले. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी मात्र या मंडळींची एखाद्या परिच्छेदात, तीही नाइलाजाने, बोळवण केली. हा प्रकार आपल्याकडेच घडतो असे नाही. इंग्लंडात एका लेखकाच्या वाट्याला याहून मोठी लोकप्रियता आली आणि उपेक्षाही तेवढीच आली. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

त्याचे नाव एडगर वॉलेस. १९२८ च्या सुमारास इंग्लंडात बायबल वगळता खपणाऱ्या दर चार पुस्तकांपैकी एक त्याचे असते, असे त्याचे प्रकाशक सांगत. प्रकाशकाने सांगितलेला खप आणि वरपित्याने सांगितलेला मुलाचा पगार यांतून काही वजावट करूनच हिशेब धरावा, हे खरे. परंतु वजावट करूनही जे उरते ते थोडेथोडके नाही. एकशे सत्तरांवर कादंबऱ्या, साडेनऊशेच्या आसपास कथा, दीड डझन नाटके आणि वर्तमानपत्री लेखनाची तर गणतीच नाही. पहिली कादंबरी तिसाव्या वर्षी, आणि मृत्यू छप्पन्नाव्या वर्षी. एवढे करून हा मनुष्य मेला तेव्हा कर्जात बुडालेला होता. आमच्या मते हे कर्ज त्याच्या चरित्रातील आनुषंगिक गोष्ट नव्हे. त्याच्या लेखनाचा वेग, त्याचे गुण आणि त्याचे दोष हे सारे त्या कर्जातूनच निघाले. म्हणून त्याच्या कथांपेक्षा त्याच्या खातेवहीकडेच आज अधिक पाहावे असे आम्ही योजिले आहे.

१ एप्रिल १८७५ रोजी लंडनजवळ ग्रिनिच येथे त्याचा जन्म झाला. आई पॉली रिचर्ड्स ही फिरत्या नाटक मंडळीतील नटी, विधवा; बाप त्याच मंडळीतील एक नट. विवाहाविना झालेले हे मूल लपवणे तिला भाग होते. नवव्या दिवशी ते बिलिंग्जगेटच्या मासळी बाजारात राबणाऱ्या जॉर्ज फ्रीमन नावाच्या माणसाच्या घरी दिले गेले. त्या घरात आधीच दहा मुले होती. पॉली काही काळ मुलाच्या पोटापाण्यासाठी थोडे पैसे पाठवी. पुढे तेही तिला जमेना, तेव्हा पोराला अनाथालयात टाकण्याऐवजी फ्रीमन दांपत्याने त्याला आपलेच म्हणून ठेवून घेतले. जिथे दहा जेवतात तिथे अकरावा उपाशी राहत नाही, हा हिशेब गरिबांनाच साधतो.

अकराव्या वर्षी हा पोरगा लडगेट सर्कसच्या चौकात वर्तमानपत्रे विकू लागला. फ्लीट स्ट्रीट ही इंग्रजी वृत्तपत्रांची पेठ तेथूनच सुरू होई. बाराव्या वर्षी शाळा सुटली. त्यानंतर छापखाना, जोड्यांचे दुकान, रबराचा कारखाना, मासेमारीची बोट, दूध पोचवण्याचे काम असे धंदे झाले. कोठेही पाय ठरला नाही. दुधाच्या नोकरीतून तर पैशांच्या अफरातफरीबद्दल काढून टाकले गेले. शेवटी पोटासाठी तो फौजेत शिरला आणि १८९६ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर दक्षिण आफ्रिकेत जाऊन पोचला. तेथे कॉल्डेकॉट नावाच्या एका पाद्र्याच्या घरी त्याला पुस्तके मिळाली आणि लिहिण्याला उत्तेजन मिळाले. पुढे त्याच घरची मुलगी आयव्ही हिच्याशी, बापाच्या मर्जीविरुद्ध, त्याने लग्न केले. १८९८ मध्ये किपलिंग केपटाउनला आला असता या शिपाईगड्याने त्याच्या स्वागताची कविता वर्तमानपत्रात छापून आणली, आणि त्यायोगे त्याचे नाव झाले. पुढच्या वर्षी फौजेला पैसे भरून त्याने आपली सुटका करून घेतली आणि बोअर युद्धात तो बातमीदार झाला, आधी रॉयटरचा आणि मग 'डेली मेल'चा.

या बातमीदारीतील एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. मे १९०२. बोअर पुढारी आणि इंग्रज यांच्या तहाची बोलणी चालली होती. बोअर प्रतिनिधींची छावणी फेरीनिखिंग येथे तारेच्या कुंपणाआड होती आणि वृत्तपत्रकारांना तेथे पाऊल टाकण्याची बंदी होती. सेनापती किचनर बातमीदारांवर आधीच चिडलेला. सेन्सॉरची करडी नजर तारायंत्रावर. वॉलेसने काय करावे? छावणीच्या शेजारून आगगाडीचा रस्ता जात होता. तो रोज त्या गाडीने जाई आणि येई, खिडकीपाशी बसून बाहेर पाही. कुंपणाच्या आत पहाऱ्यावर त्याचा पलटणीतला जुना दोस्त होता. गाडी आली की तो शिपाई खिशातून रुमाल काढून नाक शिंकरी. लाल रुमाल म्हणजे काही घडले नाही, निळा म्हणजे बोलणी पुढे सरकत आहेत, पांढरा म्हणजे तह ठरला! एके दिवशी पांढरा रुमाल फडकला. पुढे प्रश्न तारेचा. शेअरच्या खरेदीविक्रीच्या साध्या निरोपात गुंडाळून ती बातमी लंडनला गेली, आणि सरकारने पार्लमेंटात सांगण्यापूर्वी 'डेली मेल'च्या वाचकांना ती कळली. किचनरने वॉलेसला युद्धवार्ताहराच्या कामातून कायमचा बाद केला. ही हकीकत वाचताना आपण वॉलेसचीच एखादी कादंबरी वाचत आहोत असे वाटते. त्याच्या कथांतील युक्त्या अशक्य आहेत अशी तक्रार करणारे विद्वान हे विसरतात की, यातली एक तरी युक्ती लेखकाने स्वतः करून पाहिलेली होती.

त्या यशाच्या भरात जोहान्सबर्गच्या एका धनिकाने त्याला 'रँड डेली मेल' या नव्या दैनिकाचा पहिला संपादक केले. पगार उत्तम होता. पण पगार हातात आल्यावर त्याचे काय करायचे असते हे त्याला कोणी शिकवले नव्हते. मेजवान्या, घोड्यांच्या शर्यती, सट्टा यांत पैसा गेला. वर्षाच्या आतच मालकाशी बिनसले. त्यातच पहिली मुलगी दगावली. १९०३ मध्ये नवराबायको लंडनला परतली ती डोक्यावर कर्ज घेऊन. ते देणे त्याच्या अखेरपर्यंत पुरते फिटलेच नाही असे म्हणतात.

याच वर्षी एक आजारी म्हातारी त्याचे दार शोधीत आली. ती पॉली रिचर्ड्स होती. मुलाचे नाव झाले, आता तो चार पैसे देईल या आशेने ती आली होती. वॉलेसने तिला परत पाठवले. त्याच साली ब्रॅडफर्डच्या एका इस्पितळात ती वारली. वॉलेस एरवी सढळ हाताचा माणूस; वाटेतल्या अनोळखी भिकाऱ्यालाही नाही म्हणणे त्याला जमत नसे. त्या दिवशी मात्र जमले. चरित्रकारांनी त्याच्या बाजूने पुष्कळ लिहिले आहे. आम्ही वकिलपत्र घेत नाही.

आता त्याच्या पहिल्या कादंबरीकडे येऊ. 'द फोर जस्ट मेन' ही ती कादंबरी, १९०५ ची. चार गृहस्थ ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याला धमकी देतात की, अमुक विधेयक मागे घे, नाही तर अमुक वेळी तुला ठार करू. साऱ्या लंडनचे पोलीस भोवती उभे असताना, बंद खोलीत, नेमक्या त्या वेळी मंत्री मरतो. कसा? हे उत्तर वॉलेसने पुस्तकात छापलेच नाही. ते वाचकाने ओळखायचे आणि बक्षीस मिळवायचे! पुस्तक कोणी घेईना म्हणून त्याने स्वतःच 'टॅलिस प्रेस' नावाची प्रकाशनसंस्था काढली. बक्षिसाची रक्कम त्याला हजार पौंड ठेवायची होती. 'डेली मेल'चा मालक हार्म्सवर्थ याच्याकडे त्याने ती उसनी मागितली. तो चतुर माणूस नाही म्हणाला. मग पाचशेवर भागवले: पहिले बक्षीस अडीचशे, दुसरे दोनशे, तिसरे पन्नास. लंडनच्या भिंती, बसगाड्या, वर्तमानपत्रे जाहिरातींनी भरून गेली. पुस्तक खपले, आणि हजारोंनी खपले. परंतु नियमांत एक वाक्य घालायचे राहून गेले होते. पहिले बक्षीस किती जणांना मिळेल हे कोठेच लिहिलेले नव्हते. बरोबर उत्तरे पाठवणारे पुष्कळ निघाले, आणि कायद्याने त्यातील प्रत्येक जण अडीचशे पौंडांचा धनी! जितके पुस्तक अधिक खपे तितका वॉलेस अधिक बुडे. धंद्याच्या इतिहासात असा चमत्कार विरळाच. विजेत्यांची यादी लांबत चालली, लोक कुजबुजू लागले, तेव्हा आपल्या पत्राच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून हार्म्सवर्थला शेवटी मोठी रक्कम ओतावी लागली. आणि वॉलेसने त्या कादंबरीचे सर्व हक्क पुढे शंभर पौंडांहूनही कमी किमतीला विकून टाकले. (त्या मंत्र्याचा मृत्यू कसा झाला ते आम्ही येथे सांगत नाही. पुस्तक मिळते; ज्याने त्याने वाचावे.)

येथून पुढे वॉलेसच्या आयुष्याची रीत ठरून गेली. उद्याची कमाई आज खर्च करायची आणि मग ती भरून काढण्यासाठी रात्री लिहायचे. १९०७ मध्ये त्याच्या बातम्यांतील चुकांपायी 'डेली मेल'वर अब्रुनुकसानीचे दावे लागले आणि त्याची नोकरी गेली. फ्लीट स्ट्रीटवर त्याला कोणी उभे करीना. त्या सालीच तो काँगोला जाऊन आला होता. बेल्जमचा राजा लिओपोल्ड याने रबरासाठी तेथील माणसांवर चालवलेले अनन्वित अत्याचार, तोडलेले हात, ओसाड पडलेली गावे यांविषयी त्या काळी इंग्लंडात मोठा गवगवा चालला होता. एका साप्ताहिकाच्या संपादिकेने, इसाबेल थॉर्न यांनी, त्याला सुचवले की, आफ्रिकेच्या गोष्टी सांगतोस त्या लिहीत का नाहीस? त्यातून सँडर्सच्या कथा निघाल्या, आणि १९११ मध्ये 'सँडर्स ऑफ द रिव्हर' हे पुस्तक झाले.

या सँडर्सविषयी आम्हांला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. सँडर्स हा पश्चिम आफ्रिकेतील एका नदीकाठच्या मुलखाचा इंग्रज कमिशनर. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेला कलेक्टरच, फक्त बंगल्याऐवजी आगबोटीत राहणारा. मूठभर शिपायांनिशी तो लाखो लोकांवर राज्य करतो. भांडणे मिटवतो, फटके मारतो, आणि गरज वाटली तर झाडाला लटकावतो. गोष्टी चटकदार आहेत हे कबूल करावे लागते. एक हाती घेतली की दुसरी वाचून होते. पण त्यातले आफ्रिकन म्हणजे मोठी झालेली मुले, आणि सँडर्स म्हणजे त्यांचा छडीवाला मास्तर. काँगोतील हाल डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला परक्या सत्तेविषयी एक प्रश्न पडायला हवा होता. त्याला एवढेच दिसले की बेल्जमचा मालक वाईट आणि इंग्रज मालक चांगला. मालकच का, हा प्रश्न त्याच्या लेखणीपर्यंत पोचला नाही. १९३५ मध्ये या कथांवर बोलपट निघाला. त्यात थोर निग्रो गायक पॉल रोबसन याने काम केले, आणि चित्रपटाने साम्राज्याची तरफदारी केली हे पाहून पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. त्याच चित्रपटात गर्दीतील एक किरकोळ काम लंडनमध्ये शिकत असलेल्या एका आफ्रिकन तरुणाने केले होते. त्याचे नाव जोमो केन्याटा. १९६४ मध्ये तो स्वतंत्र केनियाचा अध्यक्ष झाला. वॉलेसला हे कथानक सुचले नसते.

पहिल्या महायुद्धापर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे तो कादंबऱ्या एकरकमी विकत राहिला: सत्तर-ऐंशी पौंड हातावर घ्यायचे आणि पुस्तकावर पाणी सोडायचे. त्याच्या अंगी शर्यतींचे वेड भिनलेले. शर्यतींची साप्ताहिके त्याने काढली, लोकांना घोडे सांगितले आणि स्वतः मात्र भलत्याच घोड्यावर पैसे लावून हरला. १९२१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक, त्याने आपली चिटणीस व्हायोलेट किंग हिच्याशी दुसरे लग्न केले. दुसरी, हॉडर अँड स्टाउटन या प्रकाशनसंस्थेशी त्याचा करार झाला. या मंडळींनी पुस्तकाऐवजी लेखक विकायला काढला. वॉलेस हा 'रोमांचकथांचा राजा' असे ठरले. त्याची छबी, लांब नळीत खोचलेली सिगारेट, नावाची ठळक सही सर्वत्र झळकू लागली. स्टेशनवर गाडी सुटण्यापूर्वी घ्यायची वस्तू म्हणजे वॉलेस, असे झाले.

त्याच्या लेखनपद्धतीविषयी अनेक आख्यायिका आहेत. खऱ्या गोष्टीही आख्यायिकांपेक्षा कमी नाहीत. तो हाताने फारसे लिहीतच नसे. डिक्टाफोनच्या मेणाच्या नळकांड्यांत तो कथा बोलत जाई, आणि रॉबर्ट कर्टिस हा त्याचा विलक्षण वेगवान टंकलेखक त्या नळकांड्यांवरून ती टाइप करी. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून भोवती काचेचा आडोसा, खिडक्या बंद, दिवसाला ऐंशीच्या घरात सिगारेटी, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने भरपूर साखर घातलेला चहा. 'द डेव्हिल मॅन' ही कादंबरी त्याने एका शनिवार-रविवारात बोलून संपवली, आणि तेव्हा घरी पाहुणे मुक्कामाला होते. 'ऑन द स्पॉट' हे शिकागोच्या गुंडांवरचे नाटक चार दिवसांत झाले, आणि ते त्याचे उत्कृष्ट नाटक समजतात. पुन्हा वाचून दुरुस्ती करणे ही गोष्ट बहुधा कर्टिसच्याच वाट्याची.

येथे रसिकांचा आक्षेप ठरलेला आहे: इतक्या घाईने लिहिलेले ते वाङ्मय कसले? आम्हांला हा आक्षेप पुरता पटत नाही. आपल्या कीर्तनकारांनी उभ्या उभ्या रचलेली आख्याने, शाहिरांनी फडात रचलेले सवालजबाब यांना आपण घाईचा दोष देत नाही. वॉलेसचे लेखन मुळात बोलणे आहे. वाक्य आखूड, संवाद चटपटीत, दर चार पानांनी काही तरी घडलेच पाहिजे, ही सगळी वर्तमानपत्राची आणि चौकातल्या आरोळीची शिस्त. त्याचा खरा दोष वेगळा आहे. घाई असली की माणूस नवे पाहत नाही; हाताशी असलेले वापरतो. भुयार, मृत्युपत्र, संकटातली वारसदार तरुणी, बुरखा घेतलेला टोळीनायक हा माल त्याच्या वखारीत नेहमी तयार असे. सावकार दारात उभा असताना नवा माल शोधायला वेळ कोठला?

जॉर्ज ऑर्वेलने १९४४ मध्ये एका निबंधात त्याच्यावर आणखी कठोर टीका केली. शेरलॉक होम्स एकटा असतो आणि पोलीस त्याच्यापुढे मूर्ख ठरतात. वॉलेसचा नायक मात्र स्कॉटलंड यार्डचा अधिकारी, साऱ्या यंत्रणेचे बळ पाठीशी घेऊन लढणारा. म्हणजे वाचकाला बलवानाची पूजा शिकवली जाते, असा त्याचा रोख होता. सँडर्स डोळ्यांपुढे आणला की हा आरोप खोटा म्हणवत नाही. पण वॉलेसने मिस्टर रीडर नावाचा एक माणूस निर्माण केला आहे, आणि तो आम्हांला फार आवडतो. सरकारी वकिलाच्या कचेरीतला हा मध्यमवयीन, भित्रट दिसणारा, नेहमी छत्री बाळगणारा कारकुनी मनुष्य. त्याची एकच तक्रार: आपले मन चोराचे आहे, त्यामुळे जिकडे पाहावे तिकडे लबाडीच दिसते. हा रीडर बलवान नाही. तो चोरांना ओळखतो, कारण तो त्यांच्यासारखा विचार करतो. आणि असा विचार डेप्टफर्डच्या गल्लीत वाढलेल्या, एकदा अफरातफरीत सापडलेल्या मुलालाच सुचावा. जेथे वॉलेसने आपली गल्ली आठवली तेथे त्याचे लेखन टिकले. १९२५ च्या त्या कथासंग्रहासाठी आम्ही त्याच्या पन्नास कादंबऱ्या खुशाल देऊन टाकू.

१९२६ मध्ये 'द रिंगर' हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर गाजले आणि पैशाचा पूर आला. पूर आला तसाच गेला. शर्यतीचे घोडे, पाहुण्यांनी भरलेला खेड्यातला वाडा, नाटके स्वतःच्या खर्चाने लावणे, 'ब्रिटिश लायन' या चित्रपटसंस्थेचे अध्यक्षपद असा सगळा पसारा. १९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तो ब्लॅकपूलहून लिबरल उमेदवार म्हणून उभा राहिला आणि तेहतीस हजारांहून अधिक मतांनी पडला. पुस्तक उशाशी घेऊन झोपणारे लोक मत देताना वेगळा विचार करतात, हे त्याला कळायला हवे होते.

देणेकरी आता गप्प बसणारे नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस तो हॉलिवूडला गेला. आरकेओ कंपनीने त्याला एका प्रचंड वानराच्या कथेवर काम दिले; जानेवारी १९३२ मध्ये त्याने पटकथेचा पहिला खर्डा लिहून दिला. तोच 'किंग काँग'. त्यातले पडद्यावर किती आले याबद्दल वाद आहे, पण नाव राहिले. घरी तो रोज दैनंदिनीवजा पत्रे धाडी. त्याच्या रक्तात साखर वाढत होती, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते. गोड चहा चालूच होता. फेब्रुवारीत थंडी वाजून डोके दुखू लागले, न्यूमोनिया झाला आणि १० तारखेला बेव्हर्ली हिल्स येथे तो वारला. 'बेरेंगारिया' आगबोटीने शव साउदॅम्प्टनला आले तेव्हा बंदरात निशाणे उतरवलेली होती, आणि फ्लीट स्ट्रीटवर घंटा वाजल्या.

मग खातेवह्या उघडल्या. एक लाख चाळीस हजार पौंड देणे असल्याचा आकडा सांगतात. शिल्लक जवळजवळ नव्हती. व्हायोलेट हा डोंगर उपशीत असतानाच, एप्रिल १९३३ मध्ये, नवऱ्यामागून चौदा महिन्यांनी वारली. पण पुस्तके खपतच होती. दोन वर्षांच्या सुमारास त्यांच्या मानधनातून सारे देणे फिटले, आणि मुलांच्या हाती मिळकत आली. जर्मनीत तर १९५९ पासून १९७२ पर्यंत एकाच चित्रपटसंस्थेने त्याच्या नावावर बत्तीस चित्रपट काढले.

आणि कर्टिस? मालक गेल्यावर त्याची नाटके मागे उरली होती. ती घेऊन तो टंकयंत्रापुढे बसला, त्यांच्या कादंबऱ्या केल्या, आणि वॉलेसच्या नावाची नवी पुस्तके आणखी काही वर्षे दुकानात येत राहिली.